डायव्हर्सिटी स्टेटमेंट आणि आत्याची सही

अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या अर्जासाठीचं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचा निबंध, संपलं की माणसाला वाटतं सुटलो बुवा. दोन पानं डबल स्पेस, लॉ का करायचंय, आत्ताच का, सगळं लिहून झालेलं असतं. मग अॅप्लिकेशन खाली सरकवत गेलं की तो ऑप्शनल निबंध दिसतो. कुठे त्याला डायव्हर्सिटी स्टेटमेंट म्हणतात, कुठे पर्स्पेक्टिव्ह, कुठे एक्स्पिरियन्स, आणि ऑप्शनल असला तरी माझ्या ओळखीतल्या कुणीच तो रिकामा सोडला नाही, कारण जागा दिलीये आणि आपण काही लिहिलं नाही तर ह्या बाईकडे सांगण्यासारखं काही नाहीच असं वाटायचं समोरच्याला. मला ह्या एका पानाने जेवढा त्रास दिला तेवढा एलसॅटने, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेनेपण दिला नाही.

मी मूळची बार्शीची. पुण्यात इंजिनिअरिंग, मग आयटी, मग लग्न आणि न्यू जर्सी. एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर घरी बसून कंटाळले म्हणून गरिबांना कायदेशीर मदत करणाऱ्या एका लीगल एड संस्थेत दुभाषी म्हणून जायला लागले, हिंदी-मराठी आणि तोडकीमोडकी गुजराती, तिथे न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात भाडेकरूंच्या केसेस बघून बघून डोक्यात लॉ स्कूलचं खूळ शिरलं. हा भाग पर्सनल स्टेटमेंटमध्ये गेला, त्यामुळे तो परत इथे वापरता येणार नव्हता. हे आधीच सांगते कारण बरेच जण तीच गोष्ट दोन्हीकडे लिहितात. वाचणारा तोच असतो हो, तुमची फाईल त्याच्यासमोर सलग उघडलेली असते.

बाकीची प्रोसेस पटकन सांगून टाकते. सगळं एलसॅकच्या अकाउंटवरून होतं, म्हणजे लॉ स्कूल अॅडमिशन काउन्सिल. एलसॅटचा स्कोअर 120 ते 180. ऑगस्ट 2024 पासून त्यातले लॉजिक गेम्स, म्हणजे तर्काच्या कोड्यांचा भाग, काढून टाकले आणि मी नेमकी त्यानंतर परीक्षा दिली, नशीब माझं. भारतातल्या मार्कशीटचं तिकडे जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, होत नाही, एलसॅक फक्त सुपिरियर, अबव्ह अॅव्हरेज, अॅव्हरेज असा शेरा देतं, आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जायला लागते. त्यासाठी माझा भाऊ किती खेटे घालत होता आणि कुठल्या खिडकीवर त्याला काय काय ऐकवलं ते लिहायला बसले तर हा लेख तिथेच संपेल. फेडरल, म्हणजे सरकारी लोन एच-फोरवाल्यांना मिळत नाही हेही आधीच माहीत असू द्या, स्कॉलरशिप किंवा प्रायव्हेट लोन, आणि त्याला बहुतेक ठिकाणी को-सायनर, म्हणजे हमी देणारा, लागतो.

आता मुद्द्याचं. हा निबंध आला कुठून हे कळल्याशिवाय त्यात काय लिहायचं हे कळत नाही, असं माझं मत आहे. 2003 मध्ये ग्रटर विरुद्ध बॉलिंजर ही केस झाली, ती मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलचीच, आणि त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वर्गात वेगवेगळी माणसं असणं हे शिक्षणासाठी गरजेचं आहे, त्यासाठी प्रवेश देताना वंश हा अनेक गोष्टींपैकी एक म्हणून बघता येईल. मग 29 जून 2023 ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये कोर्टाने ते दार बंद केलं. पण चीफ जस्टिस रॉबर्ट्सनी निकालाच्या शेवटी शेवटी एक फट ठेवली. वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलं तर कॉलेजने ते विचारात घ्यायला हरकत नाही, मात्र ते त्या माणसाच्या एखाद्या गुणाशी किंवा तो कॉलेजला काय देऊ शकतो त्याच्याशी जोडलेलं पाहिजे. आणि लगेच पुढे दमही दिला, की जे सरळ करायला बंदी आहे ते निबंधाच्या आडून करायचं नाही. त्यानंतर कॉलेजांनी धडाधड प्रश्न बदलले. हार्वर्ड लॉचं आता स्टेटमेंट ऑफ पर्स्पेक्टिव्ह आहे आणि ते ऑप्शनलपण नाही. मिशिगनला तर ऑप्शनल निबंधांची अख्खी यादीच आहे, त्यातून आपल्याला झेपेल ते निवडायचं.

आपल्याकडच्या माणसाला हे सगळं विचित्र वाटतं त्याचं कारण आहे. आपल्याकडे सीईटी देताना जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रीमिलेअर ही कागदं जोडायची, कॅप राउंडला नंबर लागतो नाहीतर लागत नाही. कागद मिळवताना जीव जातो ही गोष्ट वेगळी, पण तुझ्यावर काय गुदरलं ते पाचशे शब्दांत लिहून दे असं कुणी म्हणत नाही. इकडे उलटं. कागद कुणी मागत नाही, गोष्ट मागतात. आणि गोष्ट मागितली की माणूस ती रंगवायला लागतो.

मी एका कन्सल्टंट बाईंना थोडे तास लावले होते, तासाचे पैसे सांगत नाही, नवऱ्याला अजून माहीत नाहीये. त्यांनी माझा बायोडेटा बघून सांगितलं की इमिग्रंट, वुमन ऑफ कलर, छोट्या गावातून आलेली, ह्याच्यावर बांधू, काहीतरी अडव्हर्सिटी, म्हणजे सोसलेले हाल, शोध. तसा एक ड्राफ्ट झालासुद्धा. गुळगुळीत इंग्रजी, आणि त्यातली ती बिचारी मुलगी कोण हे मलाच ओळखू येईना. अमेरिकेत मी मायनॉरिटी आहे हे खरंच आहे, दुकानात माझं नाव ऐकून लोक तीनदा विचारतात तेही खरं. पण बार्शीत आमचं घर ओपन कॅटेगरीतलं, स्वतःची जमीन असलेलं, पाणी भरायला कुठल्या आडावर जायचं हा प्रश्न आमच्या सात पिढ्यांत कुणाला पडला नाही. विमानात बसून सोळा तासांनी उतरलं की मी एकदम पिचलेल्यांची प्रतिनिधी होते का? आपल्यातले कितीतरी जण अशी स्टेटमेंट लिहितात आणि त्यात त्यांना काही खटकतही नाही. मला खटकलं. पाप-पुण्याचं सोडा, पण वाचणाऱ्यात एखादी जाणती व्यक्ती निघाली तर ती पहिल्या परिच्छेदातच ओळखेल.

त्याच सुमारास माझी एक मैत्रीण, नागपूरची, तीही अप्लाय करत होती. तिचा प्रश्न माझ्या अगदी उलट. तिच्याकडे लिहायला खरंच होतं, घरात शिकणारी पहिली पिढी, बौद्ध कुटुंब, आयटीत टीममधल्या आपल्याच लोकांनी आडनावावरून केलेली चौकशी. पण वाचणाऱ्याला जात म्हणजे काय हे सांगण्यातच अर्धं पान जाणार. 2023 मध्ये फेब्रुवारीत सिएटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी तसलंच बिल व्हेटो केलं, म्हणजे विषय बातम्यांत आलेला होता, पण अॅडमिशन ऑफिसमधल्या माणसाने ते वाचलंच असेल ह्याचा भरवसा काय. मी तिला म्हणलं अगं कोलंबियाला अप्लाय करतेयस, बाबासाहेब 1913 ते 16 तिथेच होते, त्यांच्यापासून सुरू कर. ती म्हणाली, "नको. त्यांचं नाव घेतलं की वाचणारा त्यांचंच वाचेल, माझं कोण वाचणार?" मी गप्पच बसले. तिने ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या एका दुपारबद्दल लिहिलं, तेवढंच, आणि ते मी वाचलेल्या सगळ्या स्टेटमेंटमध्ये सगळ्यात चांगलं होतं.

तिचं वाचून झाल्यावर मी माझा ड्राफ्ट बंद केला आणि वेगळा प्रश्न विचारायला लागले. माझ्यावर काय गुदरलं ते जाऊ दे, मी असं काय पाहिलंय जे त्या वर्गातल्या बाकीच्यांनी पाहिलेलं नसेल?

अण्णा, म्हणजे माझे वडील, दस्तलेखक. तहसीलच्या बाहेर लिंबाखाली टेबल, दोन खुर्च्या, एक बाकडं, पत्र्याची पेटी, तिच्यात स्टॅम्प पेपर, शाईचा पॅड, कार्बन, आणि एक ओला फडका अंगठे पुसायला. खरेदीखत, बक्षीसपत्र, वारस नोंदीचे अर्ज, फेरफारच्या हरकती, जे येईल ते. दहावीनंतरच्या सुट्टीत मी तिथे बसायला लागले कारण माझं अक्षर चांगलं होतं. तिथे सगळ्यात जास्त मी काय लिहिलं असेल तर हक्कसोडपत्रं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाप वारला की जमिनीत बहिणीचाही हिस्सा येतो, तो तिने भावाच्या नावे सोडून द्यायचा, त्याचा कागद. महाराष्ट्राने 1994 मध्येच कायद्यात दुरुस्ती केली होती, मग 2005 मध्ये केंद्राने केली आणि मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आला. आणि कायदा आला म्हणून अण्णांच्या टेबलावर गर्दी वाढली. म्हणजे हिस्सा मागायला कुणी येत नव्हतं, सोडायला येत होत्या. आधी बहिणीला कुणी विचारतच नव्हतं, आता तिची सही लागायला लागली एवढाच फरक.

बाई यायची ती भावाच्या गाडीवर मागे बसून. नवी साडी अंगावर, घडी मोडलेली दिसायची, बहुतेक त्याच सकाळी दिलेली. अण्णा सगळा मसुदा मोठ्याने वाचून दाखवायचे, सदरचे हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले असे. मग चष्मा वर करून विचारायचे, ताई, समजलं का? आणि ती आधी भावाकडे बघायची. मग मान हलवायची. मी समोर बसून बघायचे, प्रत्येक वेळी, आधी भावाकडे, मग मान. अण्णांनापण ते दिसत होतं हे मला माहीत होतं. त्यांचं म्हणणं, मी लिहिणारा, मी विचारलं, ती हो म्हणाली, आता मी काय करू. पण ते विचारायचे तरी, शेजारच्या टेबलावर वाचूनसुद्धा दाखवत नसत.

हे लिहायचं ठरलं तेव्हा पहिला अडथळा असा की त्याच टेबलावर माझ्या आत्याचं हक्कसोडपत्र झालेलं. आजोबा गेल्यावर. लिहून देणार आत्या, लिहून घेणार अण्णा, आणि अक्षर माझं. त्या दिवशीपण अण्णांनी सगळं वाचून दाखवलं, स्वतःच्या सख्ख्या बहिणीला ताई समजलं का विचारलं, आणि आत्याने कुणाकडेच बघितलं नाही, सरळ पेन उचलून सही केली. ती सातवी शिकलेली, अंगठा देणाऱ्यातली नव्हती. सही करून झाल्यावर मला म्हणाली, अक्षर छान आहे गं तुझं.

हे घालायचं की नाही ह्यावर माझ्या डोक्यात बरेच दिवस चाललं होतं. घरातलं घरात ठेवायचं ह्या शिकवणीत वाढलेली माणसं आपण, आणि इथे बापाला परक्या लोकांसमोर उभं करायचं ते पण अॅडमिशनसाठी. शेवटी आत्याला फोन केला. तिला लॉ स्कूल वगैरे सांगत बसले नाही, म्हणलं कॉलेजात प्रवेशाला एक निबंध द्यायचाय, त्यात तुझ्या सहीचं लिहू का. थोडा वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "लिही की. त्यानं काय माझी जमीन परत येणारे का? पण आण्णाला वंगाळ लिहू नगंस. त्यानं माझ्या दोन्ही पोरींच्या लग्नाला दिलंय." मी विचारलं तू त्या दिवशी त्यांच्याकडे बघितलं का नाहीस. तर म्हणाली, "बघितलं असतं तर त्यानं लिवलंच नसतं. मग भावकीत तोंड कुठं दाखवलं असतं त्यानं?"

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती रागावलेली होती.

अण्णांना विचारायला जास्त धीर लागला. त्यांना मी अहो-जाहो करते, असल्या विषयावर आम्ही कधी बोललोच नाही. ते म्हणाले, "खरं असेल ते लिही. फक्त दस्ताचा नंबर टाकू नकोस." दस्तलेखकाची काळजी ती.

मग लिखाण. हा भाग ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर. बहुतेक ठिकाणी एक पान ते दोन पानं डबल स्पेस, काही ठिकाणी शब्दांची मर्यादा. माझं पहिलं सगळं मिळून चार पानं झालं कारण मी कायदा समजावत बसले होते, 1994, 2005, सातबारा म्हणजे काय, फेरफार म्हणजे काय. ते सगळं काढलं. वाचणाऱ्याला एवढंच पुरतं की मुलींना जमिनीत समान हक्क देणारा कायदा झाला आणि त्यानंतर त्या हक्क सोडायला रांगेत उभ्या राहिल्या. दोन ओळी. मग टेबल, फडका, ताई समजलं का, भावाकडे बघणं. मग आत्याची सही आणि तिचं फोनवरचं बोलणं. आणि शेवटी तीन-चार वाक्यं की हे घेऊन मी वर्गात काय करणार आहे. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि 2023 च्या निकालानंतर तोच तर महत्त्वाचा झालाय. मी लिहिलं की कॉन्ट्रॅक्टच्या वर्गात जेव्हा संमतीवर चर्चा होईल, दबावाखाली दिलेली सही कुठली आणि स्वखुशीची कुठली, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर पुस्तकातली केस नसेल, आणि आत्याची सही ह्या दोन्ही खणांत बसत नाही हे मी सांगू शकेन. न्यू ब्रन्सविकच्या कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये भाडेकरू घरमालकाच्या वकिलासमोर सेटलमेंटवर सही करतात तेव्हा मी आधी त्यांची नजर कुठे जाते ते बघते, हे एक वाक्य मुद्दाम ठेवलं, म्हणजे पर्सनल स्टेटमेंटशी दोरा जुळला आणि पुनरावृत्तीही झाली नाही.

आपण ओपनचे, जमीनवाले, ही गोष्टपण मी एका वाक्यात घातली. कन्सल्टंट बाई म्हणाल्या ह्याची गरज नाही, उगीच स्वतःचं वजन कमी करतेयस. मी ठेवलं. जी जमीन सोडली ती होती म्हणून तर सोडली ना, ज्यांच्याकडे नव्हतीच त्यांच्या बायका अण्णांच्या टेबलापर्यंत पोचल्याच नाहीत. ते वाक्य काढलं असतं तर बाकीचं सगळं खोटं वाटलं असतं, निदान मला तरी.

चॅटजीपीटीचं सगळेच विचारतात म्हणून सांगते. मिशिगन लॉने 2023 मध्येच वापरायचं नाही असं जाहीर केलं होतं आणि त्याच महिन्यात अॅरिझोना स्टेटने चालेल म्हणून सांगितलं, म्हणजे प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा, तो वाचा. माझा अनुभव म्हणाल तर मी एकदा त्याला माझं पान सुधारायला दिलं, त्याने फडका काढून टाकला आणि तिथे लवचिकता, सक्षमीकरण असलं काहीतरी घातलं. परत नाही दिलं.

एकच पान सगळीकडे चालत नाही हेही लक्षात ठेवा. प्रश्न नीट वाचला तर कळतं की काही जण विचारतात तुम्ही कुठून आलात, काही विचारतात तुमचं मत कशामुळे बदललं, काही विचारतात वेगळ्या मताच्या माणसाशी तुम्ही कसं वागलात. तिसऱ्या प्रकारात मी कन्सल्टंटची गोष्ट नाही घातली, मोह झाला होता. तिथे अण्णांचा आणि माझा वाद घातला, की नुसतं विचारणं पुरेसं आहे का. तो वाद आम्ही खरोखर केला, ह्या निबंधाच्या निमित्ताने, व्हिडिओ कॉलवर, आई मागून कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना. दोघांचंही समाधान झालं नाही.

निकाल म्हणाल तर नकार आले, वेटलिस्ट आली, आणि एका ठिकाणी स्कॉलरशिपसकट होकार आला, तिथे चाललेय. ह्या पानाचा त्यात किती हात हे कुणालाच सांगता येणार नाही, एलसॅटचा स्कोअर बरा नसता तर कुणी आत्यापर्यंत वाचलंपण नसतं बहुतेक. कन्सल्टंट बाईंचं मत अर्थातच वेगळं आहे, त्यांनी माझं नाव न घालता सक्सेस स्टोरी म्हणून टाकलंय.

माझं सगळं जाऊन बसल्यावर 14 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं एक पत्र निघालं, की निबंधावरून विद्यार्थ्याचा वंश ताडून झुकतं माप द्यायचं नाही. पुढे ते कोर्टात रद्द झालं, पण कॉलेजं एकदा घाबरली की प्रश्नांची भाषा बदलतातच. म्हणून मागच्या वर्षी कुणाला काय विचारलं होतं त्यावर लिहायला बसू नका, सप्टेंबरच्या आसपास अॅप्लिकेशन उघडली की ताजा प्रश्न बघा. माझं स्टेटमेंट सँपल म्हणून मागू नका, आत्याला मी एवढ्यापुरतंच विचारलंय. आणि एलसॅकवर पीडीएफ चढवताना वरती नाव, एल ने सुरू होणारा अकाउंट नंबर आणि त्या कॉलेजने निबंधाला जे नाव दिलंय तेच आहे ना ते बघा, ऐन वेळी एका कॉलेजचं दुसऱ्याला जातं आणि मग रात्री दीड वाजता अॅडमिशन ऑफिसला ईमेल लिहीत बसलेल्या दोघी माझ्याच ओळखीत आहेत.